डोंगरउताराच्या शेतीला ट्रॅक्टरचे टायर कोणते घ्यावेत?

राहायला डोंबिवली, विरार नाहीतर लालबाग आणि शेती पोलादपूर, संगमेश्वर किंवा लांज्याच्या डोंगरात, अशी कितीतरी घरं मुंबईत आहेत. बैल सांभाळायला गावात माणूस उरला नाही, तेव्हा एखादा लहान ट्रॅक्टर घेऊन टाकूया, हा विषय या घरांत हल्ली सारखा निघतो. मग चर्चा होते ती एचपीची, किमतीची, अनुदानाची आणि रोटाव्हेटर किती फुटी घ्यायचा याची. टायरचं नाव कोणी काढत नाही. कंपनीने लावून दिले ते टायर, आणि झिजले की त्याच मापाचे दुसरे.

सपाट जमिनीवर हे चालून जातं. उतारावर चालत नाही. पंचवीस एचपीच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर जमिनीला टेकलेला असतो तो चार ठिकाणी, आणि मागच्या एका टायरचा जमिनीला लागलेला भाग जेमतेम वहीच्या पानाएवढा असतो. चढणं, थांबणं, वळणं आणि खाली न घसरणं ही सगळी कामं तेवढ्याशा भागावर होतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की डोंगराच्या शेतीत टायर निवडताना इंजिनापेक्षा आधी आपली जमीन बघावी, आणि टायरवरच्या रबरी दातांच्या खोलीपेक्षा आधी दोन चाकांमधलं अंतर बघावं. दुकानात नेमकं उलटं होतं. मोठमोठे दात दाखवले की गिऱ्हाईक खूश होतं.

आधी उतार मोजा

याला कसलंही यंत्र लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. तिचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा आणि काठी अगदी आडवी धरा. आडवी आहे की नाही हे मोबाईलमधल्या लेव्हलवर कळतं, नाहीतर काठीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली तरी कळतं. आता दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत सरळ खाली माप घ्या. 18 सेंटीमीटर आलं तर उतार 10 अंशांचा, 27 आलं तर 15 अंशांचा, 36 आलं तर 20 अंशांचा. शेतात चारपाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत जास्त आलेला आकडा धरा, सरासरी काढू नका. ट्रॅक्टर कलंडतो तो सरासरीवर नाही, सर्वांत वाईट जागी कलंडतो.

अरुंद लहान ट्रॅक्टर आडव्या उतारावर, म्हणजे उताराला आडवं चालवताना, 15 अंशांच्या पुढे नेऊच नये असं मला वाटतं. तिथे काजू लावा, आंबा लावा, गवत कापायला हातातलं यंत्र वापरा. ही मर्यादा एवढी कमी का, ते जरा हिशोबाने बघू.

समजा मागच्या दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर 100 सेंटीमीटर आहे आणि ट्रॅक्टर 15 अंशांच्या उतारावर आडवा चालला आहे. वरच्या बाजूचं चाक 20 सेंटीमीटर उंचीच्या जांभ्याच्या दगडावर चढलं. एवढ्यानेच कल आणखी 11 अंशांनी वाढला, म्हणजे 26 झाला. त्याच वेळी खालचं चाक उंदराने पोखरलेल्या बांधात 10 सेंटीमीटर रुतलं, तर आणखी पाचसहा अंश. खालच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर तो वजनाने चेपतो आणि एकदोन अंशांची भर टाकतो. काठीने मोजताना 15 वाटणारा उतार ट्रॅक्टरच्या दृष्टीने तिशीच्या पुढे गेलेला असतो. त्यात चालक वळला किंवा मागे रोटाव्हेटर वर उचललेला असला की कलंडायला फार वेळ लागत नाही. आणखी एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या खिळीवर वरखाली झुलतो. त्यामुळे ट्रॅक्टर कलंडायला लागला की सुरुवातीला पुढच्या चाकांचा आधार मिळत नाही, तो झुलण्याच्या टोकाला पोचल्यावर मिळतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

रुंदी आणि वजन

म्हणून पहिलं काम म्हणजे मागची चाकं शक्य तेवढी लांब लांब बसवणं. बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकात रिम आणि मधली ताटली वेगवेगळी असते, आणि त्या उलटसुलट जोडून चाकांमधलं अंतर वाढवता येतं. किती टप्पे मिळतात ते ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं. हेच अंतर 100 वरून 120 सेंटीमीटर केलं तर त्याच 20 सेंटीमीटरच्या दगडाने 11 ऐवजी साडेनऊ अंश वाढतात, आणि मुळातला आधारही रुंदावतो. यात पैसा खर्च होत नाही, पाना आणि जॅक लागतो. कोकणातल्या अरुंद पाणंदीतून ट्रॅक्टर जाईल का हे मात्र आधी टेपने मोजून घ्या, कारण जांभ्याच्या गडग्यांमध्ये अडकलेला ट्रॅक्टर मागे घेणं हा वेगळाच ताप असतो.

चाक उलटं बसवताना एक चूक सर्रास होते. चाक फिरवलं की टायरच्या दातांची दिशाही फिरते, म्हणून उजवं चाक डावीकडे आणि डावं उजवीकडे घालावं लागतं. दिशा बरोबर आहे का हे तपासायला ट्रॅक्टरच्या मागे उभे राहा. दातांची मधली टोकं वर आणि बाहेरची टोकं खाली, असा उलटा व्ही दिसला पाहिजे. टायरच्या भिंतीवर बाणही असतो. दिशा चुकली तर दात चिखल बाहेर ढकलण्याऐवजी मधे गोळा करतात आणि चाक जागच्या जागी फिरतं.

जास्त उंच टायर बसवून ट्रॅक्टर उंच करण्याची हौस काही जणांना असते. उतारावर ती धोक्याची आहे. टायर उंच झाला की ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि गियरची सगळी गणितंही बदलतात. उंची तीच ठेवून टायर थोडा रुंद मिळत असेल, आणि आपली रिम तो पेलत असेल, तर त्याचा विचार करायला हरकत नाही.

गुरुत्वमध्य खाली आणायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागच्या टायरमध्ये पाणी भरणं. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून साधारण तीन चतुर्थांश टायर पाण्याने भरतात आणि उरलेल्या जागेत हवा. 8.3-24 मापाच्या टायरमध्ये अंदाजे साठ लिटर पाणी मावतं, म्हणजे दोन टायर मिळून सव्वाशे किलोच्या आसपास वजन, तेही अगदी जमिनीलगत. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. कोकणात पाणी गोठायचा प्रश्नच नाही, तेव्हा विहिरीचं साधं स्वच्छ पाणी पुरतं. खारं पाणी नको, रिम गंजते. आणि वाढवलेलं वजन उतरताना ब्रेकला थांबवावं लागतं हे विसरू नका. ब्रेक ढिले असतील तर आधी ते नीट करून घ्या, मग पाणी भरा.

भिंतीवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूला समजा लिहिलंय, 8.3-24, 8 पीआर, आर-1. यातला 8.3 म्हणजे टायरची रुंदी इंचात. 24 म्हणजे रिमचा व्यास इंचात. मधली आडवी रेघ सांगते की हा साध्या पद्धतीचा, आडव्यातिडव्या दोऱ्यांचा टायर आहे, ज्याला बाजारात नायलॉन टायर म्हणतात. रेघेच्या जागी आर असेल, जसं 14.9आर28, तर तो रेडियल. मोठ्या ट्रॅक्टरांवर 380/85आर28 अशीही लिहिण्याची पद्धत दिसते. ते मिलिमीटरमधलं माप, आणि जवळपास 14.9आर28 च्याच बरोबरीचं.

पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे जितके थर तितका हा आकडा असायचा. आता थर कमी आणि धागा मजबूत असतो, त्यामुळे 8 पीआर म्हणजे आठ थर असं धरू नका, मजबुतीची प्रतवारी समजा. कातळाच्या आणि धारदार दगडांच्या जमिनीत जास्त पीआरचा टायर फायद्याचा, कारण तिथे टायर झिजून जात नाही, बाजूच्या भिंतीला चीर पडून जातो. भिंतीला चीर पडलेला टायर पंक्चरवाला चिकटवून देईलही, पण तो उतारावर वापरू नये.

आता आर-1, ज्याच्याभोवती दुकानातली सगळी चर्चा फिरते. आर-1 म्हणजे शेतीचा नेहमीचा दात: तिरके, जाड, मधे मोकळी जागा सोडलेले. चिखल त्या मोकळ्या जागेतून बाहेर पडतो आणि दात पुन्हा मोकळा होतो. आर-2 म्हणजे भाताच्या आणि उसाच्या ओल्या जमिनीसाठी, ज्याचे दात आर-1 च्या साधारण दुप्पट खोल. आर-4 हा बांधकामाच्या यंत्रांचा आखूड, रुंद दात. आर-3 हिरवळीसाठी, आपल्याला त्याचं काम नाही.

आता इथे घोटाळा होतो. कोकणात भात आहे, मग आर-2 घेऊ, असं कोणालाही सहज वाटेल. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका काकांनी तेच केलं. त्यांचं खाचर सगळं मिळून पंधरा गुंठे, बाकीची जमीन वरकस, नाचणी आणि काजूची, आणि घरापासून शेतापर्यंत डांबरी रस्ता. वर्षातले मोजके दिवस चिखलणीचे, उरलेले सगळे दिवस ट्रॅक्टर कडक जमिनीवर. ते उंच दात डांबरावर भराभर झिजले. त्याहून वाईट म्हणजे कडक आडव्या उतारावर ते वाकायचे, आणि पूर्ण ट्रॅक्टर हलक्याने खालच्या बाजूला सरकत असल्यासारखा वाटायचा. काकांनी उताराची नांगरणीच बंद केली. त्यांनी आर-1 टायर ठेवून चिखलणीपुरती लोखंडी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी चाकं, लावली असती तर दोन्ही कामं झाली असती. पुढे त्यांनी तसंच केलं.

ज्यांच्याकडे जमीन मिश्र आहे, म्हणजे कोकणातल्या बहुतेकांकडे, त्यांनी आर-1 घ्यावा. चिखलणीला केज व्हील. आणि खाचरंच एवढीशी असतील की ट्रॅक्टर वळतच नाही, तर 6.00-12 टायरचा पॉवर टिलर बरा. त्याच्या मागे माणूस चालतो, वर बसत नाही, हा उतारावर मोठाच फायदा आहे.

रेडियल की नायलॉन? रेडियलची भिंत लवचीक असते, जमिनीला जास्त भाग टेकतो, पकड चांगली मिळते, माती कमी दाबली जाते. मोठ्या सपाट शेतात तो पैसे वसूल करतो. पण लवचीक भिंत म्हणजे आडव्या उतारावर थोडं झुलणं आणि दगडाला जास्त सहज चीर पडणं. लहान ट्रॅक्टरला आणि दगडाळ उताराला मी नायलॉनच सुचवेन. तोच स्वस्त पडतो, आणि तालुक्याच्या गावात त्याच मापाची ट्यूबही मिळते.

पुढची चाकं

दोन चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर दात नसतात, गोल फिरणाऱ्या तीन कडा असतात. मधली कड सर्वांत उंच, आणि ती मातीत रुतून ट्रॅक्टरला सरळ ठेवते. आडव्या उतारावर ट्रॅक्टरचं नाक खालच्या बाजूला ओढलं जातं, आणि त्याला अडवते ती हीच कड. सपाटीवर ती झिजली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. उतारावर स्टिअरिंग वरच्या बाजूला धरूनही पुढचं टोक खाली घसरू लागलं, तर दुसरा कुठलाही दोष शोधण्याआधी ती कड बघा. बाजूच्या कडांच्या बरोबरीला आली असेल तर टायर बदला, मागचे टायर नवे असले तरी.

उताराला फोर-व्हील ड्राइव्ह घेता आला तर नक्की घ्या. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक दाबला की ती नुसती घसरतात. फोर-व्हील लावलेला असेल तर पुढची चाकंही ट्रॅक्टरला धरून ठेवतात. पण त्याची एक अट आहे. पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरांचं गुणोत्तर गियरमध्ये पक्कं बसवलेलं असतं, पुढची चाकं किंचित जास्त वेगाने फिरतील असं. मागे कंपनीने सांगितलेल्या मापाऐवजी दुसरंच माप घातलं, किंवा पुढे नवेकोरे आणि मागे गुळगुळीत टायर ठेवले, तर पुढचं आणि मागचं चाक एकमेकांशी झगडत राहतं आणि गियरची वाट लागते. माप बदलायचंच असेल तर चारही टायर कंपनीच्या यादीतल्या जोडीप्रमाणे बदला. डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर-व्हील काढायला विसरू नका.

हवा

ज्या विषयात सर्वांत जास्त नुकसान होतं आणि ज्याला सर्वांत कमी पैसे लागतात, तो हा. पकड हवी असेल तर हवा कमी, कारण टायर पसरतो. आडव्या उतारावर हवा जास्त, कारण तिथे खालच्या बाजूच्या टायरवर दोन्ही टायरचं वजन येतं आणि कमी हवेचा टायर चेपून रिमपासून सुटायला बघतो. एकाच टायरकडून या दोन उलट मागण्या आहेत. सपाट शेतात लहान ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला बहुधा 12 ते 14 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) सांगितलेली असते. उताराच्या शेतात कंपनीच्या तक्त्यातला आकडा पायाभूत धरून त्यात तीनचार पीएसआय वाढवा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून. त्याने पकड थोडी कमी होईल. ती पाण्याच्या वजनाने भरून काढा, हवा काढून नको. शिवाय ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली तर चढावर जोर लागला की टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो.

दोन्ही बाजूंच्या टायरमध्ये हवा सारखी असली पाहिजे हे सांगायला नको. ती मोजायला मुंबईहूनच कमी दाबाचा गेज घेऊन जा. पेट्रोल पंपावरचा गेज गाडीच्या तीसपस्तीस पीएसआयसाठी असतो, 12 आणि 15 मधला फरक त्याच्यावर धड दिसत नाही. पाणी भरलेल्या टायरची हवा व्हॉल्व्ह सर्वांत वर आणून मोजा, नाहीतर गेजमध्ये पाणी शिरतं.

टायर आणि वजन बरोबर जमलंय का, हे शेतातच तपासता येतं. मागच्या टायरवर खडूने एक रेघ मारा. अवजार वर उचलून, सपाट तुकड्यावर, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि अंतर मोजा. समजा 30 मीटर आलं. आता अवजार जमिनीत लावून पुन्हा दहा फेरे. 26 मीटर आलं, तर चार मीटर चाक नुसतं फिरलं, म्हणजे साधारण 13 टक्के घसरण. 8 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर उत्तम. वीसच्या पुढे गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जातायत. पाणी वाढवा किंवा अवजार थोडं वर घ्या. पाच टक्क्यांच्या खाली असेल तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे.

खरेदी

कांदिवलीत ट्रॅक्टर तयार होतात आणि टायरच्या काही मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं वरळी आणि लोअर परळला आहेत, तरीही ट्रॅक्टरचा टायर मुंबईत घेऊन टेम्पोने गावी पाठवायच्या भानगडीत पडू नये. तो बसवायला, पाणी भरायला आणि वर्षभराने तक्रार घेऊन जायला गावाजवळचाच दुकानदार लागतो. मुंबईत बसून करायचं काम वेगळं आहे. ट्रॅक्टर अजून घ्यायचा असेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल मागा. त्यात टायरची मापं, चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची असते. दोन मॉडेलांत निवड करायची झाली तर उतारासाठी गुरुत्वमध्य खाली आणि चाकं एकमेकांपासून लांब असलेला घ्या, दोनतीन एचपी कमी असले तरी. डोक्यावर येणारी लोखंडी चौकट आणि सीटबेल्ट दोन्ही असतील तर फारच चांगलं. चौकट असेल तर बेल्ट लावलाच पाहिजे, नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्यावर येते.

टायर घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का बघा. 2324 असेल तर तो 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. दोनतीन वर्षं दुकानाबाहेर उन्हात पडलेला टायर दिसायला नवा असतो, पण दातांच्या मुळाशी बारीक भेगा दिसतात. अंगठ्याने दात बाजूला दाबून बघा, भेग असेल तर उघडते.

मुंबईकरांचा ट्रॅक्टर वर्षातले बरेच महिने उभाच असतो, आणि त्याचे टायर वापराने कमी आणि उभं राहून जास्त खराब होतात. भातकापणी झाली की चिखल धुवा, ट्रॅक्टर छपराखाली घ्या, आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून थोडी उचलून ठेवा. ते जमत नसेल तर हवा पुरेशी ठेवा आणि गावात जो कोणी घराकडे बघतो त्याला महिन्यातून एकदा ट्रॅक्टर अर्ध्या फेऱ्याएवढा पुढे घ्यायला सांगा. डिझेल आणि ग्रीस टायरजवळ सांडू देऊ नका. मे महिन्यात गावी पोचल्यावर चावी फिरवायच्या आधी चारही टायरची हवा मोजा, आणि खालच्या बाजूला उभा राहिलेला टायर दुसऱ्यापेक्षा जास्त उतरला असेल तर व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा.